उत्तनची वाडी आणि पानाखालचा कोळी

आमच्या जुन्नर तालुक्यातून मुंबईला भाजी रोज जाते. माणसे मात्र लग्नकार्याला, दवाखान्याला, नाहीतर लेकीकडे. गेल्या फाल्गुनात आम्ही दोघे नवराबायको लेकीकडे निघालो. पिशवीत बाजरीचे पीठ, लसणाच्या चार जुड्या, शेरभर हुलगे आणि नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू होते. आळेफाट्याला एसटी धरली, माळशेजचा घाट उतरलो, कल्याणला लोकल पकडली आणि दादरला गाडी बदलली. जावयाने फोनवर बजावले होते, "विरारच्या गाडीत चढू नका, तुम्हाला मध्ये उतरता यायचे नाही. भाईंदर गाडी धरा." त्याचे ऐकले म्हणून सुखरूप मिरा रोडला उतरलो.

बोरिवली-दहिसर मागे पडले की खिडकीतून खाजण दिसू लागते. चिखल, तिवरांची झाडे, मधूनच मिठागरांचे चौकोन. पुढे भाईंदरची खाडी आहे आणि खाडीपलीकडे वसई. एकेकाळी हा सगळा मुलूख भातखाचरांचा, मिठाचा आणि मासळीचा. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. आता मिरा रोडला उतरले की मान वर करून पाहावे तेवढ्या इमारती. पण माणूस कितीही उंच राहायला गेला तरी त्याला हिरवे पान लागतेच. आमच्या लेकीच्या सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत याचा पुरावा होता.

गॅलरी काचेने बंद केलेली. तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यांत तीन वांग्याची झाडे आणि चार मिरच्यांची. वांग्यांना जांभळी फळे धरली होती. आणखी दोन-तीन दिवसांत तोडायला येतील अशी. नात पाच वर्षांची. तिने माझा हात धरून नेले आणि एकेक वांगे मोजून दाखवले. "आजोबा, पाच आहेत. रविवारी भरीत करायचंय. आजीनं करायचं."

मी वांगी पाहिली आणि मग सवयीने पान उलटे केले. शेतकऱ्याची नजर फळावर जाते, पण हात पानाखाली जातो. पानावर वरून बारीक पांढुरके ठिपके होते, जणू कुणी रवा भुरभुरला आहे. खालच्या बाजूला धूळ बसल्यासारखे दिसत होते आणि शेंड्याजवळ कोळिष्टकासारखे बारीक जाळे. नातीच्या वहीचा कोरा कागद मागून घेतला, पान त्यावर झटकले आणि थांबलो. थोड्या वेळाने कागदावरची धूळ चालू लागली. नात ओरडली, "आजोबा, ठिपके पळतायत!"

तो लाल कोळी होता.

वाचकहो, वांगी, भेंडी, मिरची, गुलाब यांपैकी काहीही ज्यांच्या रानात आहे त्यांना हा पाहुणा ठाऊक असेल. पण पुष्कळ जण त्याला कीड समजून किडीचे औषध मारतात आणि तिथेच चुकतात. किडीला सहा पाय असतात, याला आठ. हा कोळ्याच्या नात्यातला जीव आहे. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना धुळीचा कणच. पानाच्या खालच्या बाजूला बसून तो रस शोषतो. हवा गरम आणि कोरडी असली की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. सोमवारी चार दिसले तर पुढच्या आठवड्यात शेंडा जाळ्याने भरतो, तो याच हिशेबाने.

उघड्या रानात निसर्ग त्याला थोडाफार आवरतो. पावसाची सर पाने धुऊन काढते, दव पडते, आणि त्याला खाणारेही असतात. बारीक काळा ढालकिडा, सहा ठिपक्यांचा फुलकिडा आणि कोळ्यालाच खाणारा दुसरा चपळ कोळी. बंद गॅलरीत यातले काहीच नाही. पाऊस नाही, दव नाही, वैरी नाही. काचेमुळे ऊन तापते आणि रस्त्याची धूळ पानावर बसते. चार भिंतींत वाढवलेले झाड लाडके खरे, पण लाल कोळ्यासाठी ते आयते पंगतीचे पान होते.

संध्याकाळी जावई कामावरून आला. त्याने कपाटावरून एक बाटली काढली. "मामा, काळजी नको. मी औषध आणलंय. आज मारतो, परवापर्यंत साफ."

बाटलीवर कागद नव्हता. दुकानदाराने मोठ्या डब्यातून काढून दिलेले. झाकण उघडले तसा वास आला आणि मी तो ओळखला. आमच्याकडे कापूसवाले वापरतात त्यातलेच काहीतरी.

"जावईबापू, परवा पोरगी हे वांगं खाणार आहे ना?" मी विचारले.

तो म्हणाला, "धुऊन घेऊ की. आणि मामा, बाजारातली भाजी तरी काय वेगळी असते?"

तो सहज बोलला. त्यात टोमणा नव्हता. पण हिने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले.

त्याचे कारण सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या मळ्यात वांग्याच्या वीस ओळी असत आणि विहिरीच्या कडेला एकविसावी. त्या एकविसाव्या ओळीवर मी कधी फवारा मारला नाही. ती घरची ओळ. वीस ओळींची वांगी नारायणगावच्या बाजारात आणि तिथून पुढे शहरात जात. एका उन्हाळ्यात शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी मी वरचेवर सायपरमेथ्रिन मारले. अळी थोडी आटोक्यात आली आणि लाल कोळी मात्र असा फोफावला की पाने तांबूस पडली. तेव्हा आणखी जहाल औषध मारले, तेही तोडणीच्या आदल्या संध्याकाळी, कारण दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि भाव चढा होता. सकाळी हिने ओल्या वासाच्या झाडांवरून वांगी तोडली आणि क्रेट भरले. दुपारच्या कालवणाला मात्र विहिरीकडच्या ओळीतली आणली. आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही. तेव्हा लेक शहरात गेलेली नव्हती. आता माझी नात बाजारचेच खाते.

मी बाटली कागदात गुंडाळून पोराच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवली आणि म्हणालो, "रविवारचं रविवारी बघू. उद्या आधी मला इथली शेती दाखव. असेल शिल्लक तर."

जावई हसला. "शेती? मिरा रोडला?" पण शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितले, "उत्तनला जा. भाईंदर पश्चिमेला बस मिळते."

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी मी, जावई आणि नात निघालो. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बस उभी होती. बाजार सोडून गाडी पुढे गेली, मुर्धे-राई-मोर्वा ही गावे मागे पडली आणि इमारती विरळ झाल्या. कौलारू घरे, दारात क्रूस, कुठे तुळशीवृंदावन. डोंगरीच्या टेकाडावर झाडी दाटते आणि मग एका वळणावर समुद्राचा वारा तोंडावर येतो. वाऱ्याबरोबर बोंबलाचा वासही येतो. किनाऱ्याला बांबूच्या मांडवांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले. नातीने नाक दाबले. जावई म्हणाला, "मामा, कोळी बघायचे तर इथे बघा. हे खरे कोळी."

त्याचे खरेच होते. उत्तन-पाली-चौकचा हा पट्टा दर्यावर जगणाऱ्या कोळ्यांचा. इथे ख्रिस्ती कोळी आहेत, वेलंकनी मातेचे देवस्थान आहे, आणि चौकच्या टोकाला धारावीचा जुना किल्ला. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांशी झालेल्या झुंजीत या धारावी बेटाला मोठे मोल होते. १७३९ साली वसई पडली. आज तिथे थोडे अवशेष आणि भन्नाट वारा आहे. उभे राहिले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वसईची खाडी दिसते.

आम्हाला मात्र वाडी हवी होती. विचारत विचारत रस्त्याच्या आत वळलो. नारळाची चार झाडे, जुनी बांधीव विहीर आणि तिच्याभोवती नीटस वाफे. मुळा, माठ, भेंडी आणि वांगी. पावसाळ्यात भात आणि भात निघाले की विहिरीच्या पाण्यावर भाजी, हा इकडचा जुना रिवाज. जमीन हाताएवढी, पण तण शोधून सापडू नये. एक वयस्क बाई वाकून वांग्याची खालची पाने खुडत होत्या आणि कमरेच्या पिशवीत भरत होत्या. मी नमस्कार केला.

"मावशी, पानं का खुडताय?"

त्या ताठ झाल्या, माझ्या टोपीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "शेतकरी दिसता. मग तुम्हीच सांगा." त्यांची बोली निराळी, कानाला गोड. मी इथे आपल्या भाषेत लिहितो आहे.

मी पान हातात घेतले. तेच ठिपके होते. मी म्हणालो, "लाल कोळी आलाय."

"येतोच. शिमग्याच्या आगेमागे येतोच. ऊन चढतं, रस्त्याची धूळ बसते. बघा, रस्त्याकडच्या दोन वाफ्यांतच आहे, विहिरीकडे नाही."

"मग फवारणी?"

"तोड चालू आहे भाऊ. एक दिवसाआड टोपली भरते. फवारू कधी आणि तोडू कधी?"

मग त्यांनी दाखवले. सगळ्यात आधी खालची, जास्त धरलेली पाने खुडायची आणि पिशवीतच भरायची. वाफ्यात टाकली तर कोळी चालत पुन्हा झाडावर येतो. पिशवीचे तोंड बांधून उन्हात ठेवायची. मग सकाळी लवकर नळीने पाण्याचा फवारा मारायचा, पण वरून नाही; हात खाली घालून पानाच्या पोटावर, जोरात, झाड मोडणार नाही इतपत. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असे निदान तीनदा. कारण पाण्याने कोळी वाहून जातो, पण अंडी चिकटून राहतात. त्यांतून पिल्ले निघाली की ती धुवायची. धरलेल्या वाफ्यात दिवसाच्या शेवटी जायचे. आधी तिथे काम करून मग चांगल्या वाफ्यात गेलो तर लुगड्याला चिकटून आपणच पाहुणा पोचवतो. आणि झाडाला तहान लागू द्यायची नाही, युरियाही मुठीमुठीने टाकायचा नाही. तहानलेले झाड आणि युरियाने लुसलुशीत झालेले पान ही दोन्ही त्याच्या आवडीची.

"आणि एवढ्यानं नाही भागलं तर?" जावयाने विचारले.

"तर निंबोळीचा अर्क. त्यानंही नाही भागलं तर हिशोब करायचा. झाडाला अजून दोन महिने फळ असेल तर दोन तोडी सोडायच्या, औषध द्यायचं, सांगितलेले दिवस थांबायचं. शेवटच्या दोन-चार तोडीच उरल्या असतील तर औषधावर पैसा घालायचा नाही. आहे ते तोडायचं, झाड उपटायचं आणि वाफा मोकळा करायचा. मरत्या झाडाला वाचवायचं आणि खाणाऱ्याला विष द्यायचं, हा कुठला हिशोब?"

मी विचारले, "मावशी, तुमची घरची ओळ कोणती?"

त्यांना प्रश्नच समजला नाही. "घरची म्हणजे?"

"म्हणजे घरच्यांसाठी वेगळी."

त्या हसल्या. "हीच की सगळी. टोपलीत उरतं ते घरी. बाजारात गिऱ्हाईकं वर्षानुवर्षांची आहेत. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचा म्हातारा आजारी आहे, ते मला ठाऊक असतं. तोंडं माहीत असली की वेगळी ओळ कशी काढणार?"

नात तोवर विहिरीच्या कठड्याशी गेली होती. मावशींनी तिला हाताने मागे घेतले आणि एक कोवळा मुळा उपटून, धुऊन तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच कचकन चावला. मी पाहत राहिलो. माझ्या मळ्यातल्या त्या वीस ओळींतले काही मी तिला असे उभ्या उभ्या खाऊ दिले असते का?

परतताना बसमध्ये जावई गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तुमच्याकडे वेगळी ओळ असते का?" मी खोटे बोललो नाही. तो खिडकीबाहेर पाहू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार? कर्ज असतं, भाव नसतो." त्याने मला माफ केले. मला ते जास्त लागले.

रविवारी भरीत झाले. झाडांवर कसलेही औषध गेले नव्हते, म्हणून वांगी तोडायला हरकत नव्हती. कोळी पान खातो, फळ विषारी करत नाही. वांगी चांगली धुतली, आजीने भाजली, पाचही संपली. त्यानंतर झाडांचा समाचार घेतला. धरलेली पाने खुडून पिशवीत बंद केली. डबे न्हाणीघरात नेले आणि पाने उलटी करून फवाऱ्याने धुतली. गॅलरीच्या काचा रोज सकाळी उघड्या ठेवायच्या ठरल्या. निंबोळ्या मी गावाहून पाठवल्या. त्या बिनलेबलाच्या बाटलीचे काय करायचे हा प्रश्नच होता. मोरीत ओतली असती तर ती खाडीत गेली असती. ती झाकण घट्ट करून, वर "विष" असे लिहून, घातक कचरा म्हणून वेगळी द्यायला सांगितले.

आता आपल्या रानासाठी चार गोष्टी, कारण दिवस तेच आहेत.

निंबोळी अर्क घरी करायचा तर पाच किलो निंबोळीच्या गराची भरड शंभर लिटर पाण्याला हे प्रमाण. थोडे करायचे तर लिटरला पन्नास ग्रॅम. भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, उरलेले पाणी मिसळावे, थोडा साधा साबण घालावा आणि त्याच दिवशी उन्हे कलल्यावर पानाखालून फवारावे.

पाण्यात मिसळणारे गंधक हे कोळ्यावरचे जुने औषध. पण ते कडक उन्हात मारू नये आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांवर जपून, पाने करपतात. तेलकट औषधाच्या आगेमागे तर मारूच नये.

विकतचे कोळीनाशक घ्यायचेच झाले तर बंद डब्यातले, पावतीसह घ्यावे. डब्यावरच्या कागदावर आपल्या पिकाचे नाव आहे का ते पाहावे. कापसाचे नाव असेल तर ते वांग्याचे औषध नव्हे. त्याच कागदावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते लिहिलेले असते. अक्षर बारीक असते. शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे. डब्यावरचा रंगीत चौकोनही पाहावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डायकोफॉल हे जुने कोळीनाशक एके काळी सर्रास मिळे. ते डीडीटीपासून बनवत. २०१९ साली ते जगाच्या बंदी यादीत गेले आणि २०२३ च्या आदेशाने आपल्या सरकारनेही त्यावर बंदी आणली. कुणाच्या गोठ्यात जुना डबा पडला असेल तर तो काढू नये.

आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नये. लाल कोळी विष पचवण्यात पटाईत आहे. त्याच्या पिढ्या झपाट्याने होतात. मेले ते मेले, उरले ते त्या औषधाला न जुमानणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधे जगभर आली आणि बागांतून लाल कोळी एकदम उसळला, कारण औषधाने त्याचे वैरी आधी मारले. माझ्या वांग्यांत झाले तेच. उलट युरोपातल्या काचघरांत काय झाले ते पाहा. १९५८ च्या सुमारास चिलीहून जर्मनीत आलेल्या आमरी फुलांच्या झाडांवर कोळीखाऊ कोळी सापडला. पुढे तो मुद्दाम वाढवून काकडीच्या काचघरांत सोडू लागले. बंद घरात निसर्गाचे वैरी नाहीत, तर ते आणून सोडायचे! आपल्या उघड्या रानात ते फुकट आहेत. आपण त्यांना मारले नाही म्हणजे झाले.

पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला. एक झाड गेले, दोन सावरली. शेंड्याला नवी पाने स्वच्छ आहेत आणि तीन फुले आली आहेत. नात रोज कागद घेऊन पान झटकते आणि ठिपके चालतात का पाहते.

इकडे मी विहिरीकडची एकविसावी ओळ मोडली. हिला वाटले, रोग पडला. मी म्हणालो, आता सगळ्या ओळी घरच्याच. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक पत्र्याचा तुकडा खुंटीला टांगला आहे. त्यावर खडूने फवारणीची तारीख आणि तोडणीची तारीख असते. चैत्रात एकदा गंधकावर भागले नाही, कोळीनाशक द्यावे लागले आणि चार ओळींचे दिवस भरले नव्हते. बाजार होता, भावही बरा होता. तीन क्रेट कमी गेले. आडत्याने विचारले, "माल कमी का?" मी म्हणालो, "चार ओळी अजून तोडायच्या नाहीत." त्याला ते कळले नाही. संध्याकाळी हिने पैसे मोजले, पुन्हा मोजले, डब्यात ठेवले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी लेकीकडं जाताना वांगी न्यायची. कुठल्याही ओळीतली."